‘सर्व समाविष्ट’ प्रवासातून वगळलेली माणसे

१३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ ही आलिशान नौका वाराणसीहून दिब्रुगडकडे मार्गस्थ झाली, तेव्हा देशाच्या गौरवाचा क्षण म्हणून त्या घटनेचा गाजावाजा झाला. ५१ दिवसांचा आणि सुमारे ३,२०० किलोमीटरचा हा प्रवास उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमधून बांगलादेशात आणि तेथून ब्रह्मपुत्रेने आसामात जाणारा होता. नौकेत जागा अवघ्या ३६ प्रवाशांना. पहिल्या फेरीत बहुतेक पर्यटक स्वित्झर्लंडचे होते. माणशी भाडे दिवसाला २५ हजार रुपयांपासून पुढे असल्याचे त्यावेळी वृत्तपत्रांनी छापले. २५ हजार हा आकडा समाजवाद्यांच्या कानाला अनोळखी नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत हिशेब मांडला होता, की पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात आणि देशातील २७ कोटी माणसे रोजच्या तीन आण्यांवर जगतात. रुपयाची किंमत तेव्हापासून इतकी घसरली आहे, की या दोन आकड्यांची बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु वैभवाच्या प्रत्येक देखाव्यासमोर उभे राहून त्याचा हिशेब मागण्याची रीत मात्र आजही तितकीच उपयुक्त आहे.

हा हिशेब मागण्याची वेळ आली आहे. कारण आलिशान जलपर्यटन हा आता केवळ परदेशी धनिकांचा छंद राहिलेला नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. सार्वजनिक जमीन, सार्वजनिक नद्या आणि सार्वजनिक तिजोरी ज्या धंद्याच्या पाठीशी उभी राहते, त्या धंद्याची तपासणी करणे हे लोकांचे कामच ठरते.

श्रमिकाने प्रवास करू नये, समुद्र पाहू नये, असे समाजवादाने कधीही म्हटलेले नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली आणि हजारो कामगार-कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्रकिनारा पाहिला. विश्रांती हा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की एकाची विश्रांती कोणाच्या श्रमातून उभी राहते आणि त्या श्रमाला न्याय मिळतो की नाही.

पर्यटन-व्यवसायात या जहाजांची तुलना तीन निकषांवर होते: सेवा कशी मिळते, भाड्यात काय काय समाविष्ट आहे, आणि किनाऱ्यावरच्या सहली कशा आहेत. निकष चुकीचे नाहीत. तेच निकष हाती घेऊन, पण प्रवाशाच्या खुर्चीवरून उठून दुसऱ्या बाजूला उभे राहून, हे जग पाहिले पाहिजे.

प्रथम सेवा. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे महाकाय सागरी जहाज एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवासी नेते. त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० खलाशी व सेवक असतात. अतिश्रीमंतांसाठीच्या लहान सागरी जहाजांवर साडेसातशे प्रवाशांमागे साडेपाचशेच्या आसपास सेवक आढळतात. ऱ्हाईन व डॅन्यूब नद्यांवरील नौका १३५ मीटर लांब, पण जलपाशांतून जाण्यासाठी साडेअकरा मीटरहून अरुंद ठेवलेल्या. त्यांत १९० प्रवासी आणि सुमारे ५० सेवक. माहितीपत्रकांत हे प्रमाण प्रवाशाच्या सुखाचे मोजमाप म्हणून छापले जाते. सेवा म्हणजे अखेर दुसऱ्या माणसाचे तास, त्याची पाठ आणि त्याची झोप. ही माणसे प्रामुख्याने फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांतून येतात. सहा ते नऊ महिन्यांचा करार, पोटातल्या मजल्यावरची वाटून घेतलेली केबिन आणि साप्ताहिक सुटीचा अभाव हे त्यांचे जीवन आहे.

सागरी श्रमिकांविषयीचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. ही श्रमिक चळवळीची मोठी कमाई आहे, यात शंका नाही. पण त्यातील फटही पाहिली पाहिजे. एका पर्यायानुसार कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ७२ तास आहे. दुसऱ्या पर्यायानुसार आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती दिली की पुरे. आठवड्याचे तास १६८. उरलेले ९१ तास काम करून घेणे कायद्यात बसते! आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडलेल्या चळवळीला हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

या स्थितीचे मूळ ‘सोयीच्या ध्वजा’त आहे. मालक एका देशाचा, प्रवासी दुसऱ्या, सेवक तिसऱ्या आणि जहाजाची नोंद बहामा, पनामा वा बर्म्युडाची. ज्या देशाचा ध्वज, त्या देशाचा कायदा. आणि ध्वज तर मालकाने निवडलेला. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज करोनाच्या संसर्गामुळे योकोहामा बंदरात अडकले, तेव्हा या व्यवस्थेचा मुखवटा गळून पडला. मालकी अमेरिकन उद्योगसमूहाची, ध्वज ब्रिटनचा, बंदर जपानचे. जहाजावर ३,७११ माणसे होती. २,६६६ प्रवाशांना केबिनमध्ये विलग ठेवण्यात आले; १,०४५ कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक मात्र वाटून घेतलेल्या केबिनमध्ये राहून प्रवाशांच्या दारोदार जेवणाची ताटे पोचवीत राहिले. या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. त्यांच्यापैकी काहींनी चित्रफितीद्वारे आपल्या सरकारकडे सुटकेची याचना केली. एकाच जहाजावर साथीच्या काळात दोन वेगवेगळे आरोग्यशास्त्र चालू होते. याहून स्पष्ट वर्गीय रेषा पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

दुसरा निकष समाविष्ट गोष्टींचा. मोठ्या सागरी जहाजांवर भाडे कमी दिसते. पण मद्य, दूरसंचार, विशेष भोजन आणि सहली यांचे पैसे वेगळे पडतात. शिवाय बक्षिसी म्हणून माणशी रोज १६ ते २० डॉलर बिलात आपोआप चढतात. महागड्या सागरी जहाजांवर बक्षिसी, मद्य आणि काही कंपन्यांत सहलीही भाड्यातच येतात. युरोपातील नदीनौकांवर जेवणासोबतची वाइन आणि बहुतेक थांब्यांवरची एक सहल समाविष्ट असते. बक्षिसी मात्र अनेकदा ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळी ठेवलेली. ग्राहकाच्या दृष्टीने हा सोयीचा भेद आहे. श्रमिकाच्या दृष्टीने बक्षिसी म्हणजे मालकाने द्यावयाचे वेतन प्रवाशाच्या मर्जीवर टाकण्याची युक्ती. वेतन हक्काने मागता येते, बक्षिसीसाठी हसावे लागते. सक्षम खलाशाच्या किमान मूळ वेतनाची आंतरराष्ट्रीय शिफारस २०२५ साठी महिना ६७३ डॉलर होती. खानसामा, खोली झाडणारा, ताटे धुणारा यांना तर त्या आकड्याचाही भरवसा नाही.

‘सर्व समाविष्ट’ या शब्दांत आणखी एक गोष्ट कधीच बसत नाही, ती म्हणजे कर. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातील ८८३ वे कलम काही अटींवर परदेशात नोंदलेल्या जहाजकंपन्यांचे आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे उत्पन्न करमुक्त ठेवते. २०२० मध्ये तीन मोठ्या कंपन्यांपैकी कार्निव्हल पनामात, रॉयल कॅरिबियन लायबेरियात आणि नॉर्वेजियन बर्म्युडात नोंदलेली होती; तिघींचेही मुख्य कामकाज मात्र फ्लॉरिडातून चाले. त्या वर्षी अमेरिकी सरकारने उद्योगांसाठी कर्जसाहाय्य जाहीर केले, पण ते अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांपुरते ठेवले, तेव्हा या कंपन्यांना आपल्या चतुराईची किंमत एकदा तरी मोजावी लागली.

तिसरा निकष सहलींचा. आणि येथे किनाऱ्यावरची माणसे चित्रात येतात. सागरी जहाज एका सकाळी हजारो माणसे लहानशा गावात उतरवते आणि संध्याकाळी उचलून नेते. न्याहारी व रात्रीचे जेवण जहाजावरच होत असल्याने गावाच्या वाट्याला गर्दी, कचरा आणि शोभेच्या वस्तूंची विक्री एवढेच उरते. सहलींच्या भाड्यातील मोठा वाटा कंपनी स्वतःकडे ठेवते. काही कंपन्यांनी तर गावही टाळून खाजगी बेटे व किनारे घेतले आहेत. हैतीतील लबादी हा किनारा रॉयल कॅरिबियनने १९८० च्या दशकात भाडेपट्ट्याने घेऊन कुंपण घातले. १२ जानेवारी २०१० च्या प्रलयंकारी भूकंपानंतर काही दिवसांतच तेथे पुन्हा पर्यटक उतरले. जहाजाने मदतीचे साहित्यही आणले होते, हे नमूद केले पाहिजे. तरीही कुंपण कुंपणच राहिले.

जेथे नागरिक संघटित झाले, तेथे मात्र जहाजांना वळावे लागले. व्हेनिसमध्ये वर्षानुवर्षांच्या लोकआंदोलनानंतर १ ऑगस्ट २०२१ पासून जुदेक्का कालव्यात मोठ्या जहाजांना बंदी झाली. अलास्कातील जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा कंपन्यांकडून मान्य करून घेतली. की वेस्टच्या मतदारांनी २०२० मध्ये अशीच बंधने मंजूर केली. परंतु पुढल्याच वर्षी फ्लॉरिडाच्या राज्यकर्त्यांनी ती कायद्याने रद्द केली. लोकशाही हवी, पण बंदराच्या दारापर्यंतच, असा त्याचा अर्थ!

नदीनौकेचे चित्र वरवर सौम्य दिसते. ती शहराच्या मध्यावर लागते आणि तिचे प्रवासी थोडे असतात. पण नदी ही समुद्राहून अधिक कोणाची तरी असते. वाराणसीच्या निषाद नाविकांनी २०१८ पासून आलिशान नौकांना विरोध केला, तो प्रगतीच्या द्वेषाने नव्हे. घाटावरून प्रवासी नेणे हीच त्यांची पिढीजात भाकरी आहे. पुढे बिहारात तर सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या गंगेवर एके काळी जमीनदारी होती. मासेमाराला आपल्याच नदीत जाळे टाकण्यासाठी जलकर द्यावा लागे. २२ फेब्रुवारी १९८२ रोजी कहलगावात सुरू झालेल्या गंगा मुक्ती आंदोलनाने, जयप्रकाशांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या कार्यकर्त्यांसह, दशकभर अहिंसक लढा देऊन ती नष्ट केली. त्याच पाण्यात १९९१ मध्ये घोषित झालेले विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे; ध्वनीच्या आधारे वाट शोधणाऱ्या त्या जीवाला यंत्राचा गोंगाट घातक ठरतो. एक जमीनदारी घालवलेल्या नदीवर जलमार्गाच्या आणि पर्यटनाच्या नावाने दुसरी येत नाही ना, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

महाराष्ट्र आणि गोवा या प्रश्नापासून दूर नाहीत. गोव्यातील कितीतरी घरे ‘तारवटी’च्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या, पैशांवर उभी राहिली, मुंबईच्या धोबी तलावातील गावोगावचे ‘कूड’ हे याच माणसांचे आसरे. कोकणच्या चाकरमान्यासाठी मुंबई-पणजी बोटसेवा होती. डेकवर पथारी पसरून जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत तो स्वस्तात जाई. ती सेवा ऐंशीच्या दशकात बंद पडली. त्यानंतर त्याच सागरी मार्गावर सरकारांचे कौतुक लाभले ते आलिशान क्रूझना. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या ‘कर्णिका’ जहाजाचा शेवटही बोलका आहे: वर्षभरातच धंदा बसला, देणी थकली, न्यायालयाच्या आदेशाने लिलाव झाला आणि २०२० च्या अखेरीस ते अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यास गेले. तेथे त्याचे पत्रे कापणारे हातही ओरिसा, बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्या स्थलांतरित मजुरांचेच.

समुद्र व नदी यांतील खरा भेद येथे लक्षात येतो. समुद्रावर मालकाला ध्वज बदलून पळता येते. नदीवर पळता येत नाही. भारतातील नदीनौका भारताच्या कायद्याखाली, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली चालते. म्हणून मागणीची सुरुवात नदीपासून झाली पाहिजे. नौका सुरू करण्यापूर्वी मच्छीमार व नाविक संघटनांशी वाटाघाटी व्हाव्यात; तुटलेल्या जाळ्यांची व बुडालेल्या रोजगाराची भरपाई ठरावी; सहलींचे काम स्थानिक सहकारी संस्थांना मिळावे. समुद्राबाबतही सरकार हतबल नाही. २००६ च्या करारानुसार आपल्या बंदरात लागणाऱ्या परदेशी जहाजाची श्रमस्थिती तपासण्याचा अधिकार भारताला आहे. तो वापरला पाहिजे. बक्षिसी वगळून पूर्ण वेतन आणि कामाच्या तासांची नोंद खलाशांच्या संघटनेसमोर खुली व्हावी. आणि ज्या मुंबई बंदरात क्रूझ प्रवाशांसाठी संगमरवरी दालने उभी राहतात, तेथून कोकणच्या सामान्य प्रवाशालाही परवडेल अशी बोट निघाली पाहिजे.

प्रवास सर्वांचा व्हावा, ही समाजवाद्यांची जुनी आकांक्षा आहे. ज्या दिवशी माहितीपत्रकातील ‘सर्व’ या शब्दात ताट वाढणारा, जाळे टाकणारा आणि वल्हे मारणारा हेही येतील, त्या दिवशी त्या शब्दाला अर्थ येईल. तोवर बंदरांवर आणि घाटांवर श्रमिकांना संघटित करणे, हाच कार्यकर्त्यांचा मार्ग आहे.