गाडी म्हणजे घर नाही: फिरत्या शेगडीबद्दल थोडं स्पष्ट बोलू या

गणपतीला गावी निघालेली टेम्पो ट्रॅव्हलर असो, शिरसाड फाट्याजवळ रात्री उभा असलेला ट्रक असो, नाहीतर स्टेशनबाहेरची चायनीजची व्हॅन असो. सीटखाली, फळीमागे किंवा पोत्याआड गॅसचा सिलिंडर असतोच. आणि कुणी विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं: "काही होत नाही हो, घरी नाही का वापरत?"

आजची पोस्ट या एका वाक्यावर आहे. घरी चालतं म्हणून गाडीत चालेल, हा हिशेबच चुकीचा आहे. आणि आपल्या वसई-विरारमध्ये हा हिशेब रोज हजारो लोकांच्या पायाशी मांडलेला असतो.

२६ ऑगस्ट २०२३ आठवतोय? मदुराई स्टेशनजवळ लखनौहून आलेल्या यात्रेकरूंचा खासगी डबा उभा होता. आत लपवून आणलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा करायला घेतला आणि डबा पेटला. ९ जण गेले. रेल्वेत असा धोकादायक माल नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा होताच. पण यात्रेला निघालेल्या माणसाला आपण गुन्हा करतोय असं वाटतच नाही. त्याला वाटतं, आपण चहा करतोय.

आता घर आणि गाडी यांत फरक काय, ते बघू.

पहिला फरक, गॅस खाली बसतो. आपल्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे गळती झाली की तो वरच्या खिडकीतून निघून जात नाही, पाण्यासारखा तळाला साचतो. घरात निदान दाराखालची फट असते, बाल्कनी असते. गाडीच्या पत्र्याच्या पेटीत त्याला जायला जागा कुठे? हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी ठिणगी पुरते. एक लिटर द्रव गॅसचा बाहेर आल्यावर अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे छोटी गाडी भरायला फार गॅस लागत नाही.

दुसरा फरक, गाडी हलते. आपले रस्ते मी वेगळे सांगायला नकोत. प्रत्येक खड्ड्यात नळी घासते, क्लिप सैल होते, रेग्युलेटरला हिसका बसतो. घरचा सिलिंडर वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात उभा असतो. गाडीतला रोज नाचतो.

तिसरा फरक, दार एकच. त्यातही बहुतेक गाड्यांमध्ये शेगडी नेमकी दाराशीच असते. आग लागली तर बाहेर पडायचं ते आगीतूनच.

चौथी गोष्ट आगीशिवायची, आणि ती जास्त फसवी. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. तिथे दोष जनरेटरचा होता, शेगडीचा नाही. पण बंद गाडीत काहीही जळत ठेवलं तरी धोका तोच. गळती कळावी म्हणून एलपीजीत वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. म्हणून थंडीत महाबळेश्वरला किंवा नाशिककडे गेलात तर ऊब म्हणून गाडीत शेगडी चालू ठेवून झोपू नका. कोळशाची तर अजिबातच नाही.

आता हे सगळं आत्ताच का काढलं? कारण राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून जुनी गाडी घेऊन मागे बेड आणि शेगडी बसवायची हौस वाढतेय. शनिवार-रविवारी कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर फेरी मारली तरी गाडीच्या डिकीत मॅगी शिजताना दिसते. हौसेला माझा विरोध नाही. पण शेगडी निवडताना लोक रंग आणि किंमत बघतात, म्हणून थोडं कामाचं लिहितो.

काय घ्यावं:

१. एक-दोन दिवसांची सहल असेल तर घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर उचलूच नका. घरगुती सिलिंडर घराबाहेरच्या कामाला वापरायला मुळात परवानगी नाही. तेल कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडेनचा 'छोटू' बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो.

२. ब्युटेनच्या डब्यावर चालणारी पेटीसारखी शेगडी सहलीला सोयीची आहे, पण ती उघड्यावर वापरायची. तिच्यावर मोठा तवा किंवा पातेलं ठेवलं तर उष्णता डब्यावर येते आणि डबा फुटू शकतो. सुटे डबे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचे नाहीत.

३. शेगडी आयएसआय शिक्क्याची हवी. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. समुद्रावर वारा असतोच.

४. नळी तारेचं अस्तर असलेली, केशरी 'सुरक्षा' नळी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. तिच्यावर तारीख छापलेली असते, ५ वर्षांत बदलायची. गाडीतली तर त्याआधीच.

५. डोक्यावर बर्नर बसवलेले, दुकानाच्या मागे भरून मिळणारे छोटे बाटले घेऊ नका. मोठ्या सिलिंडरमधून अंदाजाने गॅस ओततात. द्रव गॅस गरम झाला की फुगतो, त्यासाठी वर जागा मोकळी सोडावी लागते. अंदाजाने भरणाऱ्याला ते काय कळणार?

कसं वापरावं:

गाडी चालू असताना शेगडी बंद, रेग्युलेटर काढलेला आणि सिलिंडरच्या तोंडावर सेफ्टी कॅप. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो. कायमची व्यवस्था करत असाल तर सिलिंडर राहत्या भागात नको. त्याला बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा करा आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक ठेवा, म्हणजे गळलेला गॅस रस्त्यावर जाईल. गाडीत हवेची वाट दोन ठिकाणी, एक जमिनीलगत आणि एक वर. खालच्या वाटेवर चटई टाकून ती बुजवू नका. गॅसचा अलार्म लावाल तर जमिनीजवळ लावा, छताला लावून उपयोग नाही.

गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत. वास आला तर गाडीला चावी लावू नका, दिव्याचं बटण दाबू नका. हाताशी असेल तर सिलिंडर बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना खाली उतरवा आणि लांब गेल्यावर फोन करा. गॅस गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१.

हे झालं हौशी लोकांचं. त्यांना पर्याय असतो. आता ज्यांना नसतो त्यांच्याबद्दल.

हायवेवरचा ट्रकवाला केबिनमध्ये डाळ शिजवतो कारण रोज ढाब्यावर खाणं त्याला परवडत नाही. नालासोपाऱ्यात एका खोलीत राहणारे पाच-सहा कामगार तो छोटा बाटला वापरतात कारण त्यांच्या नावावर कनेक्शन नाही. पाचूबंदर, अर्नाळा, नायगावचे आपले मच्छीमार बंधू कित्येक दिवस समुद्रात असतात, बोटीवरच जेवण बनतं. बोटीत गळलेला गॅस तळाला जातो, आणि तिथेच इंजिन असतं. वर खाली उतरून लांब जायची सोयही नाही. आणि वडापाव, चायनीज, डोसावाले तर आपल्या रोजच्या ओळखीचे. त्यांच्या गाडीवर मोठ्या दाबाचा बर्नर असतो, खाली सिलिंडर असतो आणि चारी बाजूंनी आपण उभे असतो, पोरांना कडेवर घेऊन.

यावर आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, "सगळे उचला, जप्त करा." दुसरा म्हणतो, "गरिबाच्या पोटावर पाय नको, चालू द्या." मला दोन्ही पटत नाहीत. जप्तीने सिलिंडर जातो, शेगडी जात नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस मागच्या गल्लीतून आणखी वाईट बाटला घेऊन उभा राहतो, फक्त जरा जास्त लपवून. आणि लपवलेला सिलिंडर म्हणजे हवा न लागणारा सिलिंडर. मदुराईला तेच झालं. आणि "चालू द्या" म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय: गाडी पेटली तर आधी कोण भाजणार? तोच गरीब ना?

मग काय करता येईल? फार मोठ्या गोष्टी मागत नाही.

महापालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयाने अग्निशमन दलाला सोबत घेऊन, आधी तारीख जाहीर करून, गाड्यांची तपासणी ठेवावी. नळी, रेग्युलेटर, सिलिंडरची जागा, एवढंच बघायचं. नळी जुनी असेल तर दंडाच्या पावतीऐवजी तिथेच नवीन नळी बसवून तिचे पैसे घ्या. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याखाली नगर पथविक्रेता समिती असते. गॅसचा विषय तिथे मांडायला कुणी अडवलंय?

गॅस एजन्सींनी ५ किलोचा सिलिंडर कुठे मिळतो याचा फलक हिंदी-मराठीत स्टेशनबाहेर आणि कामगार नाक्यांवर लावावा. कायदेशीर वस्तू सोपी झाली की बेकायदेशीर आपोआप मागे पडते.

पुरवठा विभाग आणि पोलिसांनी बाटला वापरणाऱ्याला सोडून भरणाऱ्याला पकडावं. दाट वस्तीत, दुकानाच्या मागे गॅस ओतणं हे सगळ्या इमारतीच्या जिवाशी खेळणं आहे.

आणि आपल्या एमएच-४८ च्या आरटीओने फूड व्हॅन किंवा कॅम्पर पासिंगला आली की गॅसची जोडणीही बघावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मंजुरीशिवाय गाडीत असे बदल करताच येत नाहीत. मग मंजुरी देताना सिलिंडर कुठे ठेवणार, हे विचारायला काय हरकत आहे?

राहिलो आपण गिऱ्हाईक. रोजच्या गाडीवाल्याला एकदा हक्काने सांगा, "भाऊ, ही नळी बदल, चिरा पडल्यात." तो आपलं ऐकतो, कारण आपण रोज येतो. नोटीस वाचण्यापेक्षा ओळखीच्या माणसाचं ऐकणं सोपं असतं.

पावसाळी बंदी संपून बोटी समुद्रात जायच्या आधी आणि गणपतीच्या गाड्या सुटायच्या आधी एवढं एक काम करू या. आपल्या गाडीतली, बोटीतली, ओळखीच्या गाड्यावरची नळी बघा. तारीख उलटून गेली असेल तर बदला. पटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, आणि ज्याची गाडी गावी निघणार आहे त्याला तर नक्की पाठवा.