रस्ता नऊ दिवसांचा, हक्क बारा महिन्यांचा

मुंबईत थंडी म्हणावी अशी थंडी पडत नाही. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी हे शहर जरा माणसात येते. घाम आटतो, संध्याकाळी वारा सुटतो आणि फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींच्या सावलीत उत्सवांचा मोसम सुरू होतो. त्यातला सर्वात गाजणारा उत्सव म्हणजे काळा घोडा कला महोत्सव. १९९९ पासून, करोनाचा काळ सोडला तर, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस हा उत्सव भरतो. जहांगीर कलादालनासमोरचा के. दुभाष मार्ग गाड्यांना बंद होतो आणि माणसांना मोकळा होतो. रस्त्यावर शिल्पे उभी राहतात. नाच, गाणी, नाटके, पुस्तके, हस्तकलेची दुकाने असे बरेच काही असते. प्रवेशाला तिकीट नाही.

या उत्सवाबद्दल आपल्या चळवळीत मला दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘पोट भरलेल्यांचे हे चोचले, आपला त्यांच्याशी काय संबंध?’ दुसरा म्हणतो, ‘अगं, सतत काय लढायचं? एक दिवस जाऊन मजा करून येऊ.’ मैत्रिणींनो, मला हे दोन्ही सूर पटत नाहीत. बाईचा रस्त्यावरचा हक्क हा प्रश्न आपण मानतो ना? मग ज्या नऊ दिवसांत शहर हा हक्क आपणहून देते, त्या नऊ दिवसांचा हिशेब आपण मांडलाच पाहिजे. माझ्या मते हा उत्सव म्हणजे एक पुरावा आहे. मनात आणले तर या शहराला काय काय जमते, त्याचा पुरावा. आणि उरलेले दिवस ते जमवायचे नाही असे कोणी तरी ठरवते, त्याचाही.

नऊ दिवसांत नेमके काय बदलते ते पाहा. रस्ता गाड्यांचा राहत नाही. उजेड असतो. बसायला जागा असते. पोलीस असतात आणि ते ‘इथे काय करताय?’ असे विचारत नाहीत. सर्वात महत्त्वाचे म्हणजे रात्री नऊ वाजता एखादी बाई तिथे काहीही काम नसताना उभी राहू शकते. एरवी आपण कारणाशिवाय रस्त्यावर उभ्या राहतो का? हातात पिशवी असते, फाईल असते, कडेवर मूल असते. तेवढेही नसले तर फोन कानाला लावून आपण चालत राहतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की बाईला रस्त्यावर सुरक्षितता देतो म्हणताना व्यवस्था तिच्याकडून आधी ‘कामाशिवाय बाहेर नाही’ असे कबूल करून घेते. त्यामुळे उगाच रेंगाळण्याचा हक्क ही चैनीची मागणी ठरत नाही. बाई नागरिक आहे की पाहुणी, हे त्यावरूनच ठरते.

काही वाईट घडले की आपल्याला काय सांगितले जाते? २००५ च्या एप्रिलमध्ये मरीन ड्राइव्हवरच्या पोलीस चौकीत एका पोलिसानेच कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर बलात्कार केला. चर्चा कशाची झाली? मुलींच्या कपड्यांची. २००७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री जुहूला पुरुषांच्या झुंडीने दोन बायकांची विटंबना केली. तेव्हाही प्रश्न हाच आला की इतक्या उशिरा त्या तिथे कशाला गेल्या? म्हणजे चौकीत गेली तरी बाई चुकली आणि गर्दीत गेली तरी बाईच चुकली.

काळा घोड्याची गर्दी या शहाणपणाला उत्तर देते. छेडछाड तिथेही होत नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीत बायका मोठ्या संख्येने असतात आणि त्या तिथे कोणाच्या मेहेरबानीने आलेल्या नसतात. शेजारी अनोळखी का होईना, दहा बाया उभ्या असल्या की अकरावीला ‘ए, हात काढ’ म्हणायला बळ येते. आपण रस्त्यावरून कमी झालो तर रस्ता सुरक्षित होत नाही, आपण वाढलो तर होतो. हे आपण शिबिरांतून किती वर्षे सांगत आलो! इथे ते डोळ्यांनी दिसते.

पण आता दुसरी बाजू. त्या गर्दीत कोणत्या बाया असतात?

मी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत काम करते. आमच्या मंडळातल्या कितीतरी जणी रोज पहाटेची हार्बर लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात आणि फोर्टातली ऑफिसे झाडून-पुसून काढतात. साहेब लोक यायच्या आत टेबले चकचकीत झाली पाहिजेत. काळा घोड्याचा परिसर या बायांना उत्सवाला येणाऱ्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. कुठल्या इमारतीचा जिना सरकतो, कुठल्या गल्लीत पाणी मिळते, कुठे क्षणभर टेकता येते, सगळे त्या सांगतील. पण उत्सव रंगात येतो संध्याकाळी, आणि तेव्हा या बाया वस्तीत नळावर असतात किंवा चुलीपुढे. मी एकीला विचारले, ‘मावशी, तो मेळा लागतो तुमच्या कामाच्या तिथं, पाहिलात कधी?’ त्या म्हणाल्या, ‘सकाळी बघते ना बाई. कापडानं झाकलेलं असतं.’

प्रवेशाला तिकीट नाही, हे खरे. पण बाईच्या संध्याकाळीची किंमत कोण धरतो? पाणी, स्वयंपाक, सासूचे औषध, मुलाचा अभ्यास, नवऱ्याची परवानगी आणि परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात रात्री असणारा शुकशुकाट, एवढे सगळे मोजल्यावर फुकटचा उत्सव फार महाग पडतो. कलेचा आस्वाद घ्यायला आधी वेळ लागतो, आणि आपल्या घरांत वेळ ही पुरुषांच्या नावावरची मालमत्ता आहे.

मग या बायकांना थंडीत उत्सव नसतो का? असतो तर! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असते. पूर्वी ते घरात होते. आता वॉर्डावॉर्डांत मंडप पडतो, पुढाऱ्याचा फोटो लागतो आणि प्लास्टिकचा डबा वाण म्हणून हातात पडतो. बाया मोठ्या हौसेने जातात, कारण घराबाहेर पडायला मिळणारी ही बिनतक्रारीची परवानगी असते. त्या हौसेला मी नावे ठेवणार नाही. पण मंडपाच्या दारात कुंकवाचा करंडा असतो आणि नवरा गेलेली बाई तिथूनच मागे फिरते. एकाच मोसमात, एकाच शहरात काहींना खुला रस्ता आणि चित्रे, तर काहींना मंडप, वाण आणि मत देण्याची आठवण. ही वाटणी आपोआप झालेली नाही.

आता कलेचे पाहू. उत्सवाच्या व्यासपीठावर बाईचा नाच म्हणजे संस्कृती. टाळ्या पडतात, फोटो निघतात. याच राज्याने २००५ मध्ये बारमध्ये नाचून पोट भरणाऱ्या बायांचा नाच कायद्याने बंद केला. मोठी तारांकित हॉटेले मात्र त्यातून वगळली. बेरोजगार होणाऱ्या बायांचा आकडा तेव्हा ७५ हजारांच्या आसपास सांगितला जात होता. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. सरकारने पुन्हा नवा कायदा आणला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्याही जाचक अटी मोडाव्या लागल्या. बारमधल्या शोषणाबद्दल आपल्या संघटनांत तेव्हा टोकाचे मतभेद झाले, ते प्रामाणिक होते. पण एक प्रश्न शिल्लक आहेच. तोच देह, तीच लय, तरी नाचणारीची जात, वस्ती आणि गरज पाहून आपण एकीला कलावंत म्हणतो आणि दुसरीला समाजाला लागलेली कीड. लावणीच्या बाबतीत हेच झाले. लावणी प्रतिष्ठित झाली, पण पिढ्यान्‌पिढ्या ती जगवणाऱ्या कोल्हाटी समाजाच्या बाईला प्रतिष्ठा मिळाली का?

विक्रीचेही तेच. उत्सवात मांडलेल्या वस्तूंना हस्तकला म्हणतात. फुटपाथवर गजरे, मोजे, कंगवे विकणारी बाई मात्र अतिक्रमण! २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांना आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना दिल्या आहेत. सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवू नये असेही त्यात लिहिले आहे. पण पालिकेची गाडी आली की टोपली घेऊन पळणाऱ्या बाईला हा कायदा वाचायला वेळ कुठे असतो?

ज्याच्या नावाने हा उत्सव भरतो त्या घोड्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अल्बर्ट ससूनने इंग्रज युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. लोकांनी राजाचे नाव न घेता घोड्याचे घेतले आणि चौक ‘काळा घोडा’ झाला. १९६५ मध्ये पुतळा हलवला, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. शहराने राजाला उतरवले, हे चांगलेच केले. पण त्याच भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी १९८० च्या दशकात ‘महिला मिलन’ उभे केले, आपल्या झोपड्या स्वतः मोजल्या, बचत केली, घराचा हक्क मागितला. हा वारसा नाही काय? वारसा म्हणजे फक्त दगड आणि कमानी?

थंडीत फोर्टाच्या फुटपाथवर झोपणाऱ्या बायका आहेत. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी सरकारचा स्वतःचा निकष असा की दर एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे शंभर जणांचे किमान १२४ निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही नाही, आणि एकट्या बाईला निर्धास्त झोपता येईल असे निवारे तर शोधावे लागतात. ज्या रस्त्याची आपण नऊ दिवस आरास करतो, तो कोणाची तरी रोजची शेज आहे.

आणि मुतारी! हा शब्द छापायला अजूनही लाज वाटते, पण बाईला दिवसभर पाणी न पिता राहायला लावायची लाज वाटत नाही. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा उघड अन्याय त्या कार्यकर्त्यांनी चव्हाट्यावर मांडला. उत्सव आला की फिरती शौचालये येतात, उत्सव संपला की गाडीत घालून नेली जातात. बाईचे मूत्राशय काय नऊ दिवसांपुरते असते?

प्रशासन म्हणेल, ‘बारा महिने हे परवडणार नाही.’ आम्ही कुठे रोज व्यासपीठ आणि रोषणाई मागतोय? दिवे, बाके, शौचालय, निवारा आणि सभ्य पोलीस यांना उत्सव म्हणत नाहीत, नागरी सोय म्हणतात. आणि रस्ता बंद करणे अशक्य असते असेही नाही. गंमत पाहा. महागाईविरोधी आंदोलनात १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन याच शहरात रस्त्यावर उतरल्या. आज आपण मोर्चा काढला तर आझाद मैदानातच अडवतात. कारण काय, वाहतुकीला त्रास होतो! त्या मैदानापासून काळा घोडा चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे नऊ दिवस वाहतूक वळवली जाते आणि शहर व्यवस्थित चालते. म्हणजे अडचण रस्ता अडण्याची नाही. तो कोण अडवतो, याची आहे.

म्हणून उत्सवावर बहिष्कार घाला, असे मी म्हणत नाही. उलट तो आपला करा. पालिकेकडे मागण्या न्या: फिरती शौचालये कायमची व्हावीत आणि बायकांना फुकट असावीत. महिन्यातून एक रविवार हाच रस्ता गाड्यांना बंद राहावा. असाच एक रस्ता गोवंडीत, एक मालवणीत, एक धारावीतही मोकळा व्हावा. बेघर बायकांसाठी निवारे निकषाप्रमाणे उघडावेत. आयोजकांना सांगा की काही कार्यक्रम दुपारी ठेवा, जेव्हा फोर्टात राबणाऱ्या बायांची सुट्टी होते, आणि नाचगाण्यात ज्यांची कला आहे त्यांनाच मान आणि मानधन द्या.

आणि एक काम आपले आपणच करू. वारसा फेऱ्या निघतात, तशी आपली फेरी काढू. राजाबाई टॉवरजवळच्या उच्च न्यायालयासमोर थांबून सांगू की १८८७ मध्ये इथे रखमाबाईला ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम झाला, आणि तिने तुरुंग पत्करते म्हणून सांगितले. पुढे ती डॉक्टर झाली. तिथून हुतात्मा चौक, तिथून आझाद मैदान. वाटेत ज्या ऑफिसांच्या फरशा आपल्या मावश्या पुसतात त्या इमारतीही दाखवू, आणि त्यांची माहिती मावश्याच सांगतील.

येत्या थंडीत प्रत्येक मंडळाने निदान दहा जणींना घेऊन यावे. हातात पिशवी नको, फाईल नको. कोणी विचारले ‘काय काम आहे?’ तर सरळ सांगावे, ‘काही नाही. उभ्या आहोत.’ आणि दहाव्या दिवशी, दिवे उतरल्यावर, पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहावे.