आधी दस्ता, मग दुर्बीण

यवतमाळ जिल्ह्यात कपाशी-तूर भरात आली की रानडुकरांच्या परवानगीसाठी वनखात्याकडे अर्ज जाऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग आपल्या टेबलावर रायफली येतात. तक्रार ठरलेली असते : नेम लागत नाही, दुर्बीण बसवून द्या. दुर्बिणीचं गिऱ्हाईक परत पाठवणं कुणालाही जड जातं, हे मान्य. तरीही बंदूक-दुरुस्तीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला आमचं सांगणं आहे की माउंटसाठी भोक पाडण्याआधी दस्ता उतरवून बघा.

घाटंजीकडची एक पॉइंट ३१५ अलीकडेच हाताखालून गेली. नळी स्वच्छ, आतले आटे धारदार, तोंडावर एकही खोच नाही. मालकाने काडतुसं बदलून पाहिली होती, माशी ठोकून सरकवली होती. फोर-एंड सोडवल्यावर दुखणं उघडं पडलं. ॲक्शनचा मागे येणारा धक्का लाकडातल्या ज्या दोन टेकण्यांनी झेलायचा, त्यातली उजवी घासून चकचकीत झाली होती आणि डावीवर जुन्या तेलाची साय जशीच्या तशी होती. म्हणजे सगळा धक्का एकटी उजवी बाजू खात होती. ॲक्शन दर वेळी थोडी तिरकी होऊन बसणार आणि गोळ्या कागदावर आडव्या पसरणार. अशा रायफलीवर कितीही महागडी काच चढवा, गोळ्या पसरलेल्याच राहतील.

आपल्याकडची इशापूरची पॉइंट ३१५ मुळात ली-एन्फिल्डच्या घराण्यातली. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, आणि पुढच्या तुकड्याचा सगळा भार या दोन छोट्या टेकण्यांवर. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याला दुसऱ्या महायुद्धात नरम लाकूड वापरावं लागलं, तेव्हा त्यांनी नेमक्या याच जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. कारखान्याला जे कळलं ते आपण पॉलिशच्या नादात विसरतो.

त्यात आपली हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, जुलैत भिंतींना ओल. लाकूड तंतूच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवं मात्र फुगतं आणि आटतं. पुढच्या स्क्रूवरच्या छोट्या कॉलरकडे म्हणूनच नीट बघा. लाकूड आटलं की स्क्रू कॉलरवर जाऊन अडतो. हाताला वाटतं घट्ट बसला, आणि ॲक्शन आत सैलच असते. कॉलर कानशीने अगदी थोडी थोडी उतरवत जा. लाकडावर हलका दाब आला की थांबा. एवढ्यानेच बऱ्याच रायफली सुधारतात, इपॉक्सी भरून बैठक करण्याची वेळच येत नाही.

वेळ आलीच, तर घाई नको. तेल प्यायलेल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. काळवंडलेलं, मऊ झालेलं लाकूड चांगल्या लाकडापर्यंत कोरून काढा, खडूची भुकटी लावून हलकी ऊब द्या आणि तेल ओढून घ्या, मग ॲसिटोनने पुसा. आपल्या भागात कुणी सागाचा दस्ता करून आणला असेल तर आणखी जपा. साग हवेला पक्का, म्हणून तो आवडतो, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटतं. लावण्याच्या अगदी आधी पुसायचं आणि पुसल्या पुसल्या काम करायचं. धातूवर मेणाचे दोन हात, स्क्रूंनाही मेण, आणि ॲक्शनच्या प्रत्येक खाचेत, भोकात प्लास्टिसिन. एक खाच विसरली तर इपॉक्सी तिथे कुलूप लावतं आणि दस्ता करवतीने कापण्याची पाळी येते. स्क्रू आवळून ॲक्शन दाबू नका, ती आपल्या वजनाने बसू द्या. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

पॉइंट ३०-०६ सारख्या एकसंध दस्त्याच्या रायफलीत रिकॉइल लगची फक्त मागची बाजू टेकली पाहिजे. पुढे, दोन्ही कडांना आणि खाली टेपचा थर देऊन जागा मोकळी ठेवा. पूर्ण बसल्यावर डायल गेज लावा आणि पुढचा स्क्रू सैल करून बघा. काटा दोन-तीन हजारांश इंचापेक्षा जास्त हलला तर ॲक्शन अजून वाकते आहे. नळीखालून कागदाची पट्टी मोकळी सरकली पाहिजे, हा नियम मात्र डोळे झाकून ली-एन्फिल्डला लावू नका. तिच्या बारीक नळीला पुढच्या लाकडाचा आधार मानवतो असा जुना अनुभव आहे. आधी गोळ्या झाडून बघा.

आणि मालकाला दोन गोष्टी बजावून सांगा. रायफल दस्त्यावर उभी ठेवली की तेल लाकडात झिरपतं, म्हणून तेल दिल्यावर काही तास ती तोंडावर उभी ठेवावी. मे महिन्यात बंद जीपमध्ये ती सोडू नये. खोलीच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं आणि केलेली बैठक एका दुपारी बिघडते.

हे सगळं कागदावरच्या भोकांसाठी नाही. शौकाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. आज जी गोळी सुटते ती त्याच कायद्याच्या कलम ११ च्या परवानगीने, पिकात घुसलेल्या जनावरावर. खांद्यामागची वीतभर जागा चुकली की डुक्कर मरत नाही. पोटात गोळी घेऊन ते तुरीत शिरतं, दिवसच्या दिवस कुढत मरतं, किंवा सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत तर जखमी जनावराच्या मागावर वाघही असतो. नुसती जखम करून गेलेली गोळी काय करते ते बघा : १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली. ४३६ बळी तिच्या नावावर होते, आणि तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे जुन्या बंदुकीच्या गोळीने तुटलेले होते. ज्याने ती गोळी झाडली तो केव्हाच घरी गेला होता.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-१ वाघीण मारली गेली आणि त्या एका गोळीवर देशभर वाद झाला. दर हंगामात डुकरांवर सुटणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. वनखात्याने परवानगी देण्याआधी त्या रायफलीचा कागद मागवावा, असं आमचं मत आहे. अधिकृत रेंजवर, टेकू लावून, १०० मीटरवर झाडलेल्या पाच गोळ्यांचा. त्या पाच तळहाताखाली झाकल्या जात नसतील तर ती रायफल शेतात जाऊ नये.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीचा परवाना आपल्याकडे आहे, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागेल. गिऱ्हाईक दुर्बीण मागायला येईल तेव्हा दस्ता त्याच्यासमोर उतरवा, टेकण्या त्याला दाखवा आणि बैठकीचे पैसे वेगळे सांगा. काम दसऱ्याच्या सुमारास घ्या. पावसाळ्याची ओल तोवर लाकडातून उतरलेली असते आणि तूर भरायला अजून अवकाश असतो.