किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब असो, बँकेतील बचत असो वा युनियनच्या सभासदांची यादी असो, प्रत्येक दारावर आज परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मागितला जातो. माणसाची स्मरणशक्ती मर्यादित असल्यामुळे बहुसंख्य लोक एकच शब्द सर्वत्र वापरतात. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एका ठिकाणी फुटलेला शब्द चोर यंत्राच्या साहाय्याने इतर असंख्य ठिकाणी लावून पाहतात, हेही तितकेच खरे.

यावरील उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. तो प्रत्येक खात्यासाठी वेगळा, लांबलचक शब्द तयार करतो आणि सांकेतिक रूपात साठवतो. माणसाने लक्षात ठेवायचा तो एकच मुख्य शब्द. सोय मोठी आहे, पण सर्व कुलपांच्या किल्ल्या त्यामुळे एकाच तिजोरीत जातात. तेव्हा ती तिजोरी कोणाची, हा प्रश्न उपस्थित होतो.

लास्टपास या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिची मालक असलेली लॉगमीइन कंपनी २०२० साली खाजगी गुंतवणूकदारांनी सुमारे ४३० कोटी डॉलर्सना घेतली. मार्च २०२१ पासून मोफत सेवा संगणक किंवा मोबाईल यांपैकी एकाच प्रकारच्या साधनापुरती उरली. सोयीची सवय लावायची आणि मग तिची किंमत वसूल करायची, ही भांडवलाची जुनीच रीत होय. २०२२ साली चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या नकलाच पळवल्या. आतील पासवर्ड सांकेतिक होते. परंतु संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरून त्याचा मुख्य शब्द टिपला गेल्याने हे साधले. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा होता, त्यांची तिजोरी चोरांना सवडीने फोडता येण्याजोगी झाली.

यावरून मॅनेजरच त्याज्य ठरवणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम करणे होय. एकच शब्द सर्वत्र वापरण्यापेक्षा तो निश्चितच बरा. मात्र निवड डोळसपणे व्हावी. कीपास हा कार्यक्रम २००३ पासून मोफत उपलब्ध आहे. त्याची रचना कोणालाही तपासता येते आणि तिजोरी स्वतःच्याच संगणकावर राहते. तेथे नक्कल जपण्याचे कष्ट आपले. पण मालकीही आपलीच. मुख्य शब्द चार-सहा असंबद्ध शब्दांचा असावा, अन्यत्र वापरलेला नसावा आणि बँक व ईमेल यांना दुसरी पडताळणीही लावावी. शाखेच्या कार्यालयात तो कागदावर लिहून पाकीटबंद करून कुलपात ठेवण्यात कमीपणा नाही; एका कार्यकर्त्याच्या आजारपणाने संघटनेचे दप्तर अडता कामा नये.

तथापि, वैयक्तिक सावधगिरीने सामाजिक जबाबदारी संपत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु तो दंड सरकारी तिजोरीत जमा व्हायचा आहे. ज्याची माहिती लुटली गेली, त्याच्या पदरी भरपाई म्हणून त्यातील एक रुपयाही पडणार नाही. नफा कंपनीचा, दंड सरकारचा आणि नुकसान तेवढे सामान्य माणसाचे, ही वाटणी समाजवाद्यांनी निमूटपणे मान्य करता कामा नये. पीडितास भरपाई मिळालीच पाहिजे, ही मागणी घेऊन चळवळीने उभे राहावे. कुलूप मजबूत करण्याचे काम प्रत्येकाचे आहे. तिजोरीच्या मालकास जाब विचारण्याचे काम मात्र सर्वांनी मिळूनच करावे लागेल.