तारीख कोणाच्या सोयीची?

मॉरिशसचं तिकीट स्वस्तात कसं मिळवलंत, असं मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणींनी विचारलंय, की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणारीला हवी असते एखादी युक्ती. रात्री बारानंतर शोधायचं, मंगळवारीच काढायचं, दुसऱ्याच्या मोबाइलवरून बघायचं वगैरे. मैत्रिणींनो, आम्ही हे सगळं करून पाहिलं. दोन महिने पाहिलं. रात्री जागून डोळे तेवढे चुरचुरले, भाव जागचा हलला नाही. फरक पडला तो एकाच गोष्टीने, निघायच्या तारखेने. आणि खरी गोम तिथेच आहे.

आमची सहाजणींची भिशी. दरमहा 2000 रुपये, तीन वर्षं. प्रत्येकीचे 72 हजार जमले, तेव्हा फ्रिज आणि सोन्याची वळी बाजूला ठेवून समुद्र बघायचं ठरलं. समुद्र कोकणात आहेच की, असं प्रत्येकीच्या घरी ऐकून झालं. पण विमानात सहा तास बसून, हिंदी महासागर ओलांडून जायचं होतं. ऊसतोडीला गेलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी जिथे आजही गणपती बसवते, जिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ते बेट बघायचं होतं. शिवाय आपल्याला तिथे जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, ही सोय मोठीच.

मग तारखा. मे महिना? मुलांच्या सुट्ट्या, नणंदा माहेरी येणार. दिवाळी? विचारायलाच नको. डिसेंबर? लग्नं. अशी सहा घरांची सहा कॅलेंडरं समोर ठेवली, तेव्हा लक्षात आलं, की आपल्याला जमणाऱ्या तारखा म्हणजे ज्या सगळ्या जगाला जमतात त्याच! शाळा बंद असताना प्रत्येक घराला निघायचं असतं, आणि विमान कंपनीला ते आपल्याआधी ठाऊक असतं. नाताळाच्या आठवड्यातला भाव पाहिला, तो 60 हजारांच्या पुढे होता. तोच सप्टेंबरमध्ये 36 हजारांच्या आसपास. म्हणजे स्वस्त तिकीट मिळतं ते हुशार माणसाला नव्हे, ज्याला आपली तारीख आपण ठरवता येते त्याला. आता सांगा, आपल्यापैकी किती जणींना ती येते?

सप्टेंबर 2025 मध्ये गणपती 6 तारखेला गेले आणि 22 ला घटस्थापना. मधले पंधरा दिवस पितृपक्षाचे. लग्न-मुंजी नाहीत, पाहुणे नाहीत, खरेदी नाही. आम्ही हरखलो. तिकडे तेव्हा हिवाळा संपत आलेला असतो, हवा कोरडी, वादळांचे महिने अजून लांब. पाणी किंचित गार आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून राहायचं पश्चिमेला. सगळं जुळलं. पण एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "पक्षात कुणी मौजेला जातं का?" त्यांना हसण्यावारी न्यावं असं मला वाटलं नाही. त्यांच्या यजमानांची तिथी अष्टमीची, म्हणजे 14 सप्टेंबर. आम्ही 16 ला निघून 20 ला परतायचं ठरवलं. तिथीचा स्वयंपाक करून सून निघेल आणि सर्वपित्रीला घरी हजर असेल. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि स्वतःच विचारलं, की तिकडे थंडी असेल तर शाल नेणार का? परवानगी आली, ती अशी.

आता थोडं व्यवहाराचं. विमानात खुर्च्या सारख्याच, पण भावाचे कप्पे वेगवेगळे. सगळ्यात स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही सहा मागितल्यात, तर बहुतेक ठिकाणी सहाही जागा वरच्या भावाने दाखवतात. आम्ही सहाजणींसाठी शोधलं तेव्हा प्रत्येकी 41 हजार, एकटीसाठी शोधलं की 36. म्हणून दोन तिकिटं आधी काढली, चार नंतर. दहा हजार वाचले. अर्थात दोन वेगळी बुकिंगं झाली, की एकाच्या वेळेत झालेला बदल दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

दुबईवरून जाणारं आणखी स्वस्त तिकीटही एकीने शोधून काढलं. मुंबईहून आधी वायव्येला तीन तास, मग उलटं फिरून दक्षिणेला साडेसहा तास, आणि मध्ये दहा तास विमानतळावर. शिवाय ती दोन स्वतंत्र तिकिटं होती. पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरं गेलं ते गेलं, कुणी जबाबदार नाही. सामान घेऊन परत द्यायचं, म्हणजे दुबईचा व्हिसा आलाच. चार हजारांसाठी हे? मी स्पष्ट नाही म्हटलं. बायकांच्या हिशेबात स्वतःची झोप, कंबर आणि पायांची सूज कधी धरलीच जात नाही. आधी साताऱ्याहून मुंबई गाठायची होती, तीही रात्रीची. पश्चिम किनाऱ्यावरचं हॉटेल घ्यायचं, तर तिथल्या विमानतळापासूनचं टॅक्सीभाडंही धरायचं. कागदावर हे सगळं मांडलं तेव्हा सरळ जाणारं विमानच स्वस्त निघालं.

आणि नाव! आमच्यातल्या बँकेत असलेल्या मैत्रिणीने सवयीने नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव टाइप केलं. पासपोर्ट मात्र लग्नाआधीच्या नावाचा, नूतनीकरण करतानाही तेच ठेवलेलं. पैसे भरायच्या आधी सहज पडताळलं म्हणून बरं. एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्त करून देतात, पण आडनावच वेगळं असेल, तर स्वस्तातलं तिकीट फुकट जाण्याची पाळी येते. आपण दोन नावांनी जगतो, विमानाला एकच चालतं. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा, पाठ असला तरी.

जून महिन्यातल्या एका दुपारी, मुलं क्लासला आणि पुरुषमंडळी कामावर असताना, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहाही तिकिटं निघाली. चहा गार झाला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. घेतलेला भाव सगळ्यात खालचा, त्यामुळे पैसे परत मिळणार नव्हते आणि तारीखही बदलता येणार नव्हती. एरवी मी याला तोटा म्हटलं असतं.

रात्री घरी सांगितलं. "सप्टेंबरमध्ये ऑडिट असतं माझं. चार दिवस मागेपुढे नाही का करता येणार?" हा पहिला प्रश्न.

"नाही येत," मी म्हटलं, "स्वस्तातलं आहे ना." पुढच्या आठवडाभरात ते डबा भरायला शिकले.