भिंत आपली, भरवसा कोणाचा?

राजुरा, (प्रतिनिधी) : चुनखडीच्या साठ्यांमुळे आवारपूर, उप्परवाही, गडचांदूर, नारंडा या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. येथील सिमेंट दूरदूरच्या बांधकामांवर जाते. मात्र या कारखान्यांच्या सावलीत असलेल्या राजुरा शहरात आणि तालुक्यातील गावांत फेरफटका मारला, तर दोन-तीन पावसाळ्यांतच फुगलेले प्लास्टर, पोपडे धरलेला रंग आणि छज्जाखाली उतरलेले ओलीचे काळे ओघळ जागोजागी दिसतात. दोष सिमेंटचा असतोच असे नाही. तो बहुधा काम करणाऱ्याचा आणि त्याहून अधिक काम देण्याच्या पद्धतीचा असतो.

या भागातील घरांच्या पैशाचा उगम लक्षात घेतला, तर प्रश्नाचे गांभीर्य कळते. सास्ती, पोवनी, गोवरी परिसरातील कोळसा खाणींसाठी शेती गेली त्यांच्या हाती मोबदला आला. खाणीतून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम मिळाली. ती आयुष्यात एकदाच मिळते आणि तिचा मोठा वाटा घरात जातो. आतल्या खोल्या पूर्ण होईपर्यंत हात आखडलेला असतो. बाहेरचे प्लास्टर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, आवारभिंत आणि रंग ही कामे मग उरलेल्या पैशात, ओळखीच्या ओळखीतून सापडलेल्या माणसाकडे सोपविली जातात.

बाहेरच्या भिंतीची परीक्षा येथे अधिक कठोर असते, ही गोष्ट बाहेरून आलेला ठेकेदार सोयीस्करपणे विसरतो. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. अशा उन्हात लावलेल्या ओल्या प्लास्टरमधील पाणी काही तासांत उडून जाते आणि सिमेंटची पकड अर्धवट राहते. त्यामुळे किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक असते. पण नेमक्या त्याच दिवसांत विहिरी आटलेल्या असतात, नळाला पाणी एक दिवसाआड येते आणि 'पाणी मालकाने मारायचे' असे तोंडी ठरलेले असते. पुढे तडे गेले की ठेकेदाराचे उत्तर तयार असते : तुम्ही पाणी मारले नाही. तालुक्यातील काळ्या कापशी जमिनीचा आणखी एक त्रास आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर ते भिंतीवर उमटते. अशा तड्यावर पुट्टी भरून देणारा ठेकेदार आजार झाकून पैसे घेत असतो. खाणीलगतच्या गावांत तर ब्लास्टिंगच्या हादऱ्यांमुळे घरांना तडे जातात, ही तक्रार जुनीच आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने बल्लारपूर-राजुरा मार्ग बंद पडला होता. पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंती आतपर्यंत वाळण्याआधीच रंगविल्या, तर तो रंग टिकण्याची आशा धरता येत नाही.

ठेकेदार निवडताना बहुतेक जण प्रति चौरस फूट दर विचारतात आणि तेथेच फसतात. दर स्वस्त वाटतो, पण त्यात नेमके काय आहे ते विचारले जात नाही. बाहेरचे प्लास्टर दोन थरांत एकूण सुमारे २० मिलिमीटर जाडीचे व्हावे, अशी साधारण रीत आहे. ते एकाच थरात १२ मिलिमीटरवर उरकले, तर रंग लागल्यावर कोणालाच दिसत नाही. एक सिमेंटला चार रेती ठरलेली असते. प्रत्यक्षात घमेले कधी काठोकाठ भरते, कधी शीग लावून, आणि प्रमाण सहावर जाते. ५० किलोच्या पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर भरते. तेवढ्या मापाची पेटी करून रेती मोजायला सांगितली, तर हा खेळ बंद होतो. विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जेथे मिळतात तेथे जाळी ठोकली आहे की नाही, हेही प्लास्टर होण्यापूर्वीच पाहावे लागते. नंतर त्या रेषेवर सरळ उभा तडा गेलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मोजमापावरून होणारी भांडणे तर अखेरच्या हप्त्याच्या दिवशीच उभी राहतात. खिडक्या-दरवाजांची जागा वजा करायची की नाही? भारतीय मानकांच्या मोजमाप-पद्धतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करीत नाहीत, तर ३ चौरस मीटरहून मोठी जागा पूर्ण वजा होते. मधल्या आकारांसाठी वेगळा नियम आहे. ही रीत आधी कागदावर लिहिली, तर वाद उरत नाही. न लिहिल्यास ठेकेदार सगळी भिंत सलग मोजतो आणि मालक प्रत्येक झरोका वजा करतो.

रेतीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण येथे गोष्ट ठेकेदाराच्याही हातची राहत नाही. २०२३ साली राज्य सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये डेपो पद्धत मोडीत काढून पुन्हा लिलाव सुरू करण्याचा निर्णय झाला. पावसाळ्यात उत्खनन बंद असते. या धरसोडीत रात्री येणारा ट्रॅक्टर जी रेती टाकेल ती घ्यायची, असा प्रकार होतो आणि मातीमिश्रित रेती प्लास्टरमध्ये जाते. काचेच्या ग्लासात रेती आणि पाणी हलवून ठेवले, तर तासाभरात वर मातीचा थर बसतो. तो जाड दिसला तर ट्रॅक्टर परत पाठविण्याची हिंमत घरमालकाने दाखवायला हवी. साहित्य स्वतः घेतले म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही खरा नाही. काही दुकाने ठेकेदारासाठी 'टक्का' राखून ठेवतात. पुट्टी व रंगाच्या पॅकमध्ये पेंटरसाठी टोकन किंवा कोड असतो. पेंटर एखाद्याच ब्रँडचा आग्रह का धरतो, याचे उत्तर अनेकदा त्या टोकनात असते.

या तालुक्याने कामाच्या ठेक्याचे जुने रूप पाहिले आहे. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, मग नांदेडमध्ये आणि १९५९ पासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आले. 'गुत्ता' हा शब्द त्या राजवटीचाच वारसा. गुत्त्याचे तत्त्व साधे असते : ठरलेल्या रकमेत काम, नफा-तोटा घेणाऱ्याचा. यात घाई आणि काटकसर ठेकेदाराच्या फायद्याची ठरते. रोजीने काम दिले तर मिस्त्रीला घाई नसते, पण मालकाला दिवसभर उभे राहावे लागते. कायद्याच्या दृष्टीनेही या दोन पद्धतींत अंतर आहे, ते फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणीचा 'सेवा' म्हणून समावेश झाला. २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. त्यामुळे ठेक्याने दिलेले काम सदोष झाले, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. मात्र 'वैयक्तिक सेवेचा करार' या कायद्याबाहेर ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेच्या प्रकरणात या दोहोंतील फरक स्पष्ट केला होता. मिस्त्रीला रोजीवर ठेवून, प्रत्येक काम स्वतः सांगून करून घेतले, तर तो आपला नोकर की सेवा देणारा, हा मुद्दा समोरचा वकील उपस्थित करू शकतो. पोलीस ठाण्यात गेल्यास 'हे दिवाणी प्रकरण आहे' असे उत्तर मिळण्याची शक्यता असते आणि ते नेहमीच टाळाटाळीचे नसते. सुरुवातीपासूनच फसविण्याचा हेतू होता असे दिसल्याखेरीज नुसत्या करारभंगाला फसवणुकीचा गुन्हा म्हणता येत नाही.

महारेराचे नाव हल्ली सर्रास घेतले जाते. पण सदनिका विकणाऱ्या विकासकावर असलेली पाच वर्षांच्या दोषदुरुस्तीची जबाबदारी आपण आपल्या प्लॉटवर नेमलेल्या ठेकेदाराला लागू होत नाही. 'आम्ही नोंदणीकृत ठेकेदार आहोत' या वाक्याचेही तसेच. ती नोंदणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कामांसाठी असते. खासगी घराचे प्लास्टर वा रंगकाम करण्यासाठी राज्यात कोणताही परवाना लागत नाही. तेव्हा निवड करताना कागदापेक्षा भिंत पाहणे शहाणपणाचे. ठेकेदाराने नुकतेच संपविलेले घर तो आनंदाने दाखवितो. तीन पावसाळे झालेले घर दाखवा म्हटले की त्याची खरी ओळख पटते. त्या घराची पश्चिमेची भिंत आणि गच्चीच्या कठड्याचा तळ पाहावा.

पैशाच्या बाबतीत सरकार स्वतःसाठी एक रीत पाळते आणि नागरिक दुसरीच. सरकारी कामात ठेकेदाराची सुरक्षा ठेव अडकवून ठेवतात आणि दोषदायित्वाचा काळ संपल्यावर ती सोडतात. ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे हप्ते टप्प्याचे छायाचित्र नोंदविल्यावरच मिळतात, आणि त्या योजनेत ठेकेदार नेमण्यास मनाई आहे. आपल्या घराचा मालक मात्र परांची उभी राहण्याआधीच निम्मी रक्कम देऊन मोकळा होतो. त्यानंतर ठेकेदार दुसरीकडे काम धरतो, आणि येथे दोन आठवडे एकच मजूर दिसतो.

अर्थात ठेकेदाराची बाजूही आहे. मजुरांचा आठवडा-पगार शनिवारी द्यावाच लागतो, आणि शेवटचे बिल वर्षभर फिरविणारे घरमालक या शहरातही आहेत. लहान ठेकेदाराकडे भांडवल नसते, म्हणून तो उचल मागतो. तिला सरसकट लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. दोन लाखांच्या कामात वीस-तीस हजार उचल, मग जाळी व पहिला थर, दुसरा थर, रंगाचा पहिला हात अशा टप्प्यांवर रक्कम, आणि दहा टक्के राखून, अशी मांडणी दोघांनाही झेपते. हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तरी करार होतो. मुद्रांकाचा प्रश्न पुढे आलाच, तर शुल्क व दंड भरून तो सुटतो. रोखीऐवजी खात्यातून पैसे दिले आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाईलवर पाठवून ठेवले, तर चंद्रपूरच्या आयोगापुढे मांडायला काहीतरी हाती असते.

राखलेले दहा टक्के कधी सोडायचे, हा मात्र घासाघिशीचा विषय आहे. ठेकेदार रंगाचा शेवटचा हात पडल्याच्या दिवशी मागतो. मालकाने पोळ्यापर्यंतची मुदत धरावी. तोवर या भागात पावसाचे बरेच दिवस भिंतीवरून गेलेले असतात आणि गच्चीच्या कठड्याखाली ओल उतरली की नाही, हे घरातूनच दिसते.