वर्तमानातला भूतकाळ

‘मी तेथे पाच वर्षे काम करतो आहे’ असे सांगण्यास मराठीत वर्तमानकाळ पुरतो. त्याच सवयीने उमेदवार मुलाखतीत ‘आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. भाषा अडखळते, अर्थ तरी पोहोचतो. सावध उमेदवार ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणतो, आणि ते अधिक घातक! वाक्य निर्दोष, पण ऐकणाऱ्यास नोकरी सुटल्याचे वाटते. पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेस इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग’ हे रूप शोभते. कालावधीस ‘फॉर’, आरंभास ‘सिन्स’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स २०१९’. ओळखणे, असणे अशा स्थितिदर्शक क्रियापदांस मात्र ‘इंग’ सोसत नाही. तेथे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ एवढेच.